भिंतीपलीकडचं गाणं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा घर सोडताना कुणी काय उचललं यावर आमच्याकडे अजूनही गमतीनं बोलणं निघतं. ह्यांनी घराची कागदपत्रं घेतली. मी मुलीचं दप्तर, औषधं आणि गॅसचं पुस्तक घेतलं. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ट्रान्झिस्टर घेतला. आणि आईंनी? सासूबाईंनी दागिन्यांच्या डब्याला हात लावायच्या आधी कपाटातल्या साड्यांच्या चळतीखालून एक चपटं, चौकोनी गाठोडं ओढून काढलं. जुन्या नऊवारीच्या धडप्यात गुंडाळलेलं. ते छातीशी धरून त्या जिना उतरल्या.

मला वाटलं, माहेरच्या शेताचे कागद असतील. आमचा वाडा गावभागात. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. अशा वेळी कोण काय उचलतंय हे विचारायला उसंत कुणाला! विश्रामबागेत नणंदेकडे आम्ही दहा दिवस काढले. ते गाठोडं तिथंही आईंच्या उशाशी होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, जुनं काहीतरी." आणि कूस बदलून झोपल्या.

सासूबाई "काही नाही" म्हणाल्या की तिथं काहीतरी नक्की असतं, हे लग्नाला सात वर्षं झाल्यावर सुनेला कळतंच. पण विचारायचं कधी, हेही तेवढ्याच वर्षांत कळतं. मी थांबले.

गाठोडं उघडलं ते पुढं तीन-चार वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत. मी कपाटाला नवीन कागद घालत होते. आई शेजारी बसून साड्यांच्या घड्या बदलत होत्या. माझ्या हातून ते गाठोडं सरकलं आणि धडपा सुटला. आत वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद, आणि त्यात काळी कुळकुळीत बारा इंची तबकडी! नुसतीच. वेष्टण नाही, चित्र नाही. मधल्या गोल कागदावर नाव होतं, 'दिल पडोसी है'. आशा भोसले, गुलजार, आर. डी. बर्मन.

मी बघतच राहिले. आमच्या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि आईंना गाण्याची आवड आहे, असंही कधी वाटलं नव्हतं. रेडिओ लावला तर त्या उठून तो बारीक करायच्या. मला वाटायचं, त्यांना आवाजाचा त्रास होतो.

"आई, ही कुणाची?"

"निम्मी माझी," त्या म्हणाल्या. आणि मग घड्या तशाच टाकून त्यांनी जे सांगितलं, ते मी आज त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. "लिही," म्हणाल्या. "नावं नको घालूस. पण लिही."

*

आमच्या वाड्यात पलीकडच्या तीन खोल्यांत तेव्हा भाडेकरू होते. एका बँकेतले साहेब, त्यांची बायको आणि ह्यांच्याच वयाचा एक मुलगा. दोन्ही बिऱ्हाडांत एक सामाईक भिंत. आईंचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झालेली. घरात सासू, दीर, नणंद. शेजारच्या वहिनी त्यांच्याच वयाच्या. दोघी पंचमवेड्या. 'तिसरी मंझिल' १९६६ चा, तेव्हा या दोघी शाळेतसुद्धा जेमतेम गेलेल्या. पण त्या गाण्यांवरच वाढलेल्या. 'चुरा लिया'च्या सुरुवातीला काचेच्या पेल्यावर काहीतरी वाजवल्याचा किणकिण आवाज आहे ना, तो या दोघी भांडी घासताना काढून बघायच्या म्हणे! ज्या सासूबाईंनी मला कधी पेल्यावर चमचा आपटू दिला नाही, त्या!

सांगलीकर बायकांना आशाताईंचा अभिमान असायला तसंही कारण लागत नाही. ८ सप्टेंबर १९३३ ला त्यांचा जन्म झाला तो आमच्या सांगलीतच. आणि 'दिल पडोसी है' हा संच निघाला, तोही १९८७ साली नेमका ८ सप्टेंबरला, त्यांच्या वाढदिवशी. दोन तबकड्यांचा जोडसंच, चौदा गाणी. शब्द गुलजारांचे, चाली पंचमच्या, गळा आशाताईंचा. शेजारच्या वहिनींनी पेपरात वाचलं आणि आईंना हाक मारली, "अहो ऐकलंत का, नावसुद्धा आपल्यासाठीच ठेवलंय! दिल म्हणजे शेजारी!"

१९८८ च्या उन्हाळ्यात वहिनींच्या बहिणीच्या लग्नाची खरेदी निघाली, तेव्हा दोघी पुण्याला गेल्या आणि बस्त्याबरोबर हा संच घेऊन आल्या. रेकॉर्डचं यंत्र वहिनींकडे होतं. पैसे मात्र निम्मे निम्मे. किंमत आईंना आता नक्की आठवत नाही. "अर्ध्या महिन्याच्या दुधाएवढी असेल," म्हणतात. आईंचा हिस्सा आला होता त्यांच्या भावानं घातलेल्या भाऊबीजेतून. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. घरखर्चातला एक पैसा त्यात नव्हता. ओवाळणीत पडलेले, हक्काचे, त्यांचे स्वतःचे पैसे होते ते.

चार-सहा दुपारी दोघींनी मिळून ती गाणी ऐकली. सासूबाई झोपलेल्या, मुलं अंगणात, आणि या दोघी जमिनीवर बसून शेंगा फोडत ऐकतायत. आईंना त्यातलं 'भीनी भीनी भोर' फार आवडायचं. भर दुपारी ऐकलं तरी पहाट झाल्यासारखं वाटायचं, म्हणाल्या.

मग एक दिवस माझ्या आजेसासूबाईंना तांदळाच्या डब्यात दुकानाची पावती सापडली. पावतीच्या मागं वहिनींच्या अक्षरात हिशेब होता. एकूण इतके, निम्मे माझे, निम्मे तुमचे.

संध्याकाळी घरात सगळे जमलेले असताना विचारणा झाली. खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं, "हो, घेतली. भाऊबीजेचे होते." पण ते शब्द काही आईंच्या तोंडून फुटले नाहीत. त्या म्हणाल्या, "मी नाही पैसे दिले. त्याच बळंच भागी करून घेत होत्या. रेकॉर्ड त्यांचीच आहे. माझा काही संबंध नाही."

बाबा तडक शेजारी गेले. तापट माणूस, त्यातून आई आणि धाकटा भाऊ बघतायत. दारातूनच म्हणाले, "तुमची हौस तुमच्यापाशी ठेवा. आमच्या घरातल्या बायकांना असले नाद लावू नका."

आई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. वहिनींनी बाबांच्या खांद्यावरून एकदाच त्यांच्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या, भाऊबीजेचं नाव काढलं असतं, तरी आई खोट्या पडल्या असत्या. पण वहिनी बाबांना एवढंच म्हणाल्या, "चुकलं भाऊजी. पुन्हा नाही व्हायचं."

*

इथं जरा गाण्यांविषयी सांगते. मी काही संगीतातली जाणकार नाही. शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. पण इतिहासाच्या बाईला एक खोड असते, हे असं का झालं ते शोधायची. एवढी तिघं मोठी माणसं, आणि आमच्या पिढीतल्या कित्येकींनी या संचाचं नावही ऐकलेलं नाही. असं का?

एक तर तो काळच पंचमच्या पडतीचा. सत्तरच्या दशकात ज्याच्या नावावर चित्रपट चालायचे, त्याचे चित्रपट ऐंशीच्या दशकात मध्यावर एकामागून एक पडत गेले. निर्माते दुसऱ्या संगीतकारांकडे वळले. पुढच्या दोन-तीन वर्षांत 'कयामत से कयामत तक' आला, 'तेजाब' आला, 'मैंने प्यार किया' आला. गाण्यांची चव बदलली. १९८८ मध्ये पंचमला हृदयविकाराचा झटका आला, मग लंडनला शस्त्रक्रिया झाली. ४ जानेवारी १९९४ ला तो गेला, तेव्हा अवघा चौपन्न वर्षांचा होता.

दुसरं म्हणजे या गाण्यांना पडदा नव्हता. तुमच्या-माझ्या आयांना गाणं माहीत व्हायचं ते कशानं? थिएटरात बघून, नाहीतर दूरदर्शनच्या छायागीतात, नाहीतर रेडिओवर चित्रपटाच्या नावासकट. इथं ना नायिका, ना झाड, ना पाऊस. चित्रपटाबाहेरचं म्हणून लोक घरी आणत ते अभंग, भावगीतं, आरत्या, आणि त्या दिवसांत गझलांच्या कॅसेटी. हा संच यातल्या कुठल्याच खणात बसत नव्हता. चाली तरी कशा? एकदा ऐकून गुणगुणता येतील अशा नाहीत. वळणं घेत जातात. मधे थांबतात, पुन्हा तिसरीकडूनच येतात. एका गाण्यात देवळातल्यासारखी पहाट, तर दुसऱ्याचं नावच 'रात क्रिसमस की थी'. बाजारात पहिल्या आठवड्यात घ्यायचं गाणं वेगळं आणि वर्षभर हळूहळू मुरणारं गाणं वेगळं. हे दुसऱ्या जातीचं, लिंबाच्या लोणच्यासारखं.

गंमत बघा, त्याच साली याच तिघांचा 'इजाजत' आला. त्यातल्या 'मेरा कुछ सामान'साठी आशाताईंना आणि गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ते गाणं घराघरात गेलं, कारण त्याच्यामागं चित्रपट होता. त्याचीच ही चौदा भावंडं मागं राहिली.

पंचम गेल्यावर त्याच वर्षी '१९४२ अ लव्ह स्टोरी' लागला आणि लोकांना एकदम चुटपुट लागली. मग हळूहळू चाहते मागं जाऊन एकेक धुंडाळू लागले. पुण्यात तर ते जमतात, त्याच्याबरोबर वाजवलेल्या वादकांना बोलावून कुठला आवाज कशातून काढला हे समजून घेतात. त्याच्या ठेक्याची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर तर आपले मराठीच! २००८ मध्ये त्याच्यावर एक माहितीपट निघाला, पुस्तकंही निघाली. अशा धुंडाळण्यात 'दिल पडोसी है' पुन्हा वर आला. चित्रपटाची अडचण नाही, निर्मात्याची घाई नाही, कुणा नायिकेच्या तोंडी घालायचं नाही. तिघांनी आपल्या आनंदासाठी केलेलं काम म्हणून आज चाहते त्याकडे बघतात.

हे सगळं आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आनंदासाठी केलं ना? मग तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून त्यांचं काय बिघडलं?"

*

तर आमच्या वाड्यात काय झालं? त्या दिवसानंतर दोघींचं बोलणं नळावरच्या "पाणी आलं का"पुरतं उरलं. पण रोज दुपारी दोनला, आजेसासूबाई आडव्या झाल्या की पलीकडं रेकॉर्ड लागायची. यंत्र पूर्वी खिडकीपाशी असायचं. ते वहिनींनी हलवून सामाईक भिंतीला लावलं होतं. आई अलीकडं भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायच्या. दोन वर्षं. दोन तबकड्या, चार बाजू. रोज एक बाजू.

"मी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं," आई म्हणाल्या. "आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. पण मी एकदाही उठून पलीकडं गेले नाही."

१९९० मध्ये साहेबांची बदली झाली. सामान गाडीत चढल्यावर वहिनी निरोप घ्यायला आल्या. आजेसासूबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. वास्तविक गाव सोडून जाणाऱ्या सवाष्णीची ओटी भरायची आपली रीत. आईंनी तबक काढून ठेवलं होतं, नारळ आणला होता. पण सासूच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते बाहेर आणायचा धीर झाला नाही. वहिनींनी रद्दीत गुंडाळलेलं एक चपटं पुडकं त्यांच्या हातात दिलं. "तुमचं आहे. तुमच्यापाशी असू दे," म्हणाल्या आणि गेल्या. दोनातली एक तबकडी. दुसरी आणि वेष्टण त्यांच्याकडं. 'भीनी भीनी भोर' नेमकं त्या दुसरीवर गेलं.

ज्या घरात यंत्र नाही तिथं तबकडीचं करायचं काय? आईंनी ती साड्यांखाली ठेवली. वहिनींची दोन पत्रं आली. आईंनी उत्तर लिहायला घेतलं, पण पहिल्या ओळीत काय लिहायचं हेच सुचेना. मग पत्रं थांबली. त्या रेडिओ बारीक का करायच्या, ते मला त्या दिवशी कळलं.

मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "एवढंच ना? फोनवर सगळी गाणी आहेत." माझ्या मुलीनं अर्ध्या मिनिटात 'भीनी भीनी भोर' लावलंसुद्धा. आईंनी दोन ओळी ऐकल्या आणि तिचा हात धरला. "बंद कर गं राणी. मला ते त्यांच्या घरचंच ऐकायचंय."

*

वहिनींना शोधायला फार दूर जावं लागलं नाही, याचंच वाईट वाटलं. ह्यांच्या शाळेतल्या मित्रांच्या गटात त्यांचा मुलगा होता. निवृत्तीनंतर मंडळी कोल्हापुरात स्थायिक झालेली. कोल्हापूर म्हणजे आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर! आम्ही दरवर्षी अंबाबाईला जातो. म्हणजे कितीदा त्यांच्या घरावरून गेलो असू. साहेब तीन वर्षांपूर्वी वारले होते. मुलानं सांगितलं, "आईकडं ती रेकॉर्ड आहे. यंत्र मात्र केव्हाच बिघडलंय."

यंत्र मिळालं मिरजेत. आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंचं घर सतारी करणाऱ्यांच्या आळीजवळ आहे. त्यांच्या वडिलांचा रेकॉर्डचा संग्रह आणि चालू यंत्र त्यांनी जपलंय. त्यांनी आईंची तबकडी हातात घेतली आणि माझीच शाळा घेतली. तबकडी आडवी, वजनाखाली ठेवायची नाही, ती वाकते. उभी ठेवायची, उन्हापासून आणि शेगडीच्या धगीपासून लांब. धरायची कडेला, मधे बोटं लावायची नाहीत, बोटांचं तेल खाचांत बसतं. आणि पुसायची तर मऊ सुती कापडानं, खाचांच्या दिशेनं गोल गोल. आडवं पुसलं की चरे गेलेच म्हणून समजा. तुमच्या माळ्यावर वडिलांच्या, सासऱ्यांच्या रेकॉर्डी पडून असतील तर भंगारात देण्याआधी एवढं करून बघा.

ठरलेल्या रविवारी आम्ही मिरजेला गेलो. आई, बाबा, ह्यांच्यासह सगळे. बाबांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की जुन्या शेजारीण भेटणार आहेत. आई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मांडीवरच्या पिशवीत तबकडी होती, आणि दुसऱ्या पिशवीत काय आहे ते त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

वहिनी, म्हणजे आता माझ्या काकू, आधीच येऊन बसल्या होत्या. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. मांडीवर वेष्टण. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मला वाटलं, आता रडारड होणार. पण काकू म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही किती बारीक झालात!" आणि आई म्हणाल्या, "तुम्ही नाही झालात." आणि दोघी हसल्या.

पण मग आई बसल्या नाहीत. उभ्यानंच, बाबांकडं तोंड करून म्हणाल्या, "अहो, ही रेकॉर्ड निम्मी माझी होती. भाऊबीजेचे पैसे होते. मी खोटं बोलले. तुम्ही ह्यांना बोललात ते माझ्या वाटचं होतं."

खोलीत कुणी बोलेना. बाबा चष्मा काढून पुसायला लागले. खूप वेळानं म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

बाबांनी जरा विचार केला. हो म्हणणं सोपं होतं. इतक्या वर्षांनी कोण तपासणार? पण ते म्हणाले, "नाही. नसतं चाललं." आणि काकूंकडं वळून, खाली बघून, "वहिनी, त्या दिवशी मी फार बोललो. राहून गेलं म्हणायचं."

काकू म्हणाल्या, "भाऊजी, मला तुमच्या बोलण्याचं नव्हतं वाईट वाटलं." पुढं काही म्हणाल्या नाहीत. आईंना ते बरोबर पोचलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग आईंनी दुसरी पिशवी उघडली. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकवाची कुयरी. काकू एकदम मागं सरकल्या. "अहो, नको. आता मी... हे गेल्यापासून कुणी..."

"ही नव्वद सालची राहिलीय," आई म्हणाल्या. "त्याला आजचं काही लागू नाही. पदर पुढं करा." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "आणि आजची म्हणालात, तरी मी भरणारच होते."

काकूंनी पदर पुढं केला.

*

त्यानंतर गाणी ऐकली. आईंच्या तबकडीला थोडा वाक आला होता. सुई वरखाली होत होती, मधे मधे चटचट आवाज यायचा. काकूंची अगदी स्वच्छ. 'भीनी भीनी भोर' लागलं आणि आई पुढं सरकून ऐकू लागल्या, कपाळाला आठी घालून. मला वाटलं, आवडलं नाही की काय.

"हे एवढं सगळं होतं होय यात?" त्या म्हणाल्या. "ही बारीक बारीक वाद्यं... मी कधी ऐकलीच नाहीत."

संगीताच्या बाईंनी सांगितलं ते मला पटलं. भिंतीतून जाड, खर्जाचा आवाज पार होतो, ठेका घुमतो. बारीक, वरचे आवाज भिंत अडवते. चार-सहा दुपारी समोर बसून ऐकलेलं केव्हाच पुसलं गेलं होतं. आईंच्या मनात राहिलं होतं ते भिंतीतून गाळून आलेलं गाणं. त्याच्यावर त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आणि तेसुद्धा त्यांना पुरलं होतं.

चारही बाजू ऐकल्या. चहा झाला. निघताना दोन्ही तबकड्या एका वेष्टणात गेल्या. कुणाकडे ठेवायच्या, यावर दोघींची खरी हुज्जत झाली, "तुमच्याकडे", "नाही, तुमच्याकडे." शेवटी ठरलं, सहा महिने सांगली, सहा महिने कोल्हापूर. पोचवायला जायचं ते ज्याची पाळी त्यानं, आणि मुक्काम करायचा. पहिली पाळी बाबांनी मागून घेतली.

त्या रात्री मी माझी हिशेबाची वही काढली. सांगू का? मागच्या महिन्यात मी एक साडी घेतली, साडेसोळाशेची. ह्यांना अकराशे सांगितले आणि चिठ्ठी फाडून टाकली. पैसे माझ्या पगारातले. हे काही बोलले नसते, हेही मला ठाऊक होतं. तरी तोंडातून अकराशेच निघाले. आपल्यातल्या किती जणी असे शे-पाचशे कमी सांगतात? आईंच्या सासूबाई केव्हाच गेल्या, डब्यातली पावती काढून जाब विचारणारं आता घरात कुणी नाही. सवय मात्र राहिली आहे. आणि त्या सवयीपायी कधीकधी किंमत मोजते ती शेजारीण.

मी वहीत दूध, किराणा, शाळेची फी, गॅस याखाली एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'माझ्यासाठी'. आणि खाली मांडलं, साडी, एक हजार सहाशे पन्नास. वही रोजच्यासारखी टेबलावर उघडी ठेवली.

सकाळी बघते तर त्याच रकान्यात, माझ्या ओळीखाली, आईंच्या थरथरत्या अक्षरात आणखी एक ओळ होती. 'मिरज, रिक्षा आणि पेढे. दोनशे चाळीस. माझ्यासाठी.'